डाव्या बाजूचा सैल कोपरा

—नाही, नाही, थांबा, मावशींचं मग सांगा. आधी गाडी बघू. गाडी आणलीत ना, मग गाडीचं बोलू. अजून थोडी पुढं घ्या— अजून— बास. चाकाला तो लाकडाचा ठोकळा लावा, इथली जमीन उताराची आहे. मी एमेट. मावशींनी सांगितलंच असेल, गाड्यांचं आतलं काम करणारा एमेट. आणि तुम्ही त्यांच्या बहिणीचे, मिलवॉकीचे— रसेल ना? कपाळ तेच आहे हो, अगदी तेच. खरं सांगू का, आधी गाडीच ओळखली. एवढी लांबलचक हिरवी वॅगन या भागात दुसरी आहे कुणाची? वळणावर आवाज आला आणि मी कॉफी ठेवली, दोन कप काढले, आणि दारात येऊन बघतो तर स्टिअरिंगवर तुम्ही. असू दे. आता दुसरा कप तुम्ही घ्या. आणि टोपी घाला की डोक्यावर, गारठा आहे, स्टोव्ह अजून पेटवला नाही मी.

काय म्हणालात? सगळी पॅनेलं? दारांची, मागची, दोन्ही बाजूंची— सगळी नव्यासारखी? सगळी कशाला? नाही म्हणजे, करून देईन, ते काही नाही. पण मिसेस केसलर, तुमच्या मावशी, कधी सगळी म्हणाल्या नाहीत. कधीच नाहीत. त्यांचा आपला एकच कोपरा— हा बघा, मागच्या काचेखाली, डाव्या हाताला. वाजवून बघा. इथं टक टक, आणि इथं फट फट. ऐकलंत? हे असं दर वर्षी. झाडांवरची सफरचंदं उतरली की गाडी दारात उभी. 'एमेट, पुन्हा खडखडतंय, डोकं उठलं माझं, तू नक्की काम करतोस की नुसता माझा केक खातोस?' अशा बोलायच्या. बोलतात. तुमचे काका होते ना, वॉल्टर, तेव्हा कधी खडखडलं नाही ही गंमत. ते गेले, आणि पुढच्याच वर्षापासून हे सुरू.

आणि मी काय काय नाही केलं! पॅनेल म्हणजे काय हो, आत पुठ्ठा, त्यावर कापूस, वरून रेक्झिन, आणि मागं क्लिपा. पुठ्ठ्याला पाणी लागलं की तो फुगतो, वाकडा होतो. मी तो कोपरा वाळवला, पातळ व्हार्निश पाजलं, वजनाखाली ठेवला, नव्या क्लिपा घातल्या, अंगठ्यानं एकेक दाबून बसवली— आवाज येतो ना तो, चट्— तो ऐकल्याशिवाय हात काढला नाही. आणि पुढच्या वर्षी पुन्हा फट फट! म्हटलं, अंगठे गेले. आपले अंगठे गेले, एमेट. जेवताना ताट बाजूला सारून टेबलावर अंगठा दाबून बघायचो, जोर आहे का, आहे का. कुणाला बोललो नाही. आतलं काम करणाऱ्याचे अंगठे गेल्यावर उरलं काय? आणि त्या मात्र चिडायच्या नाहीत हं. बोलायच्या, पण चिडायच्या नाहीत. तुम्ही उभे आहात ना, तिथंच ते स्टूल असायचं, त्यावर बसून राहायच्या. कोपऱ्याला वेळ किती लागतो? काहीच नाही. मी आपला दुपारभर लावायचो—

नाही, तुम्ही बोलू नका. ऐका. तुमचं तोंड मला दिसतंय, मला तुमचं काही ऐकायचं नाही आत्ता. काम चालू असताना मी ऐकत नाही, हात हुकतो. ती पाचर द्या. ती नको, लाकडी. लोखंड मी पत्र्याला लावतच नाही, ओरखडा उठतो आणि ओरखड्यात गंज धरतो. सगळी काढायची म्हणता ना, मग आधी ही रबराची पट्टी सोडवू. नुसत्या कोपऱ्यासाठी हिला कधी हात लावावा लागला नाही, कंपनीनं बसवली तशीच आहे. हळू— हळू गं बाई— आंघोळीला भिणाऱ्या पोराशी बोलतो तसं हिच्याशी बोलावं लागतं— ये, ये— आली.

हे काय?

हे कुणी केलं? तुम्ही? स्क्रूड्रायव्हर घातलात इथं? खरं सांगा, मी रागावणार नाही. नाही? हातसुद्धा नाही लावला? मग हे— चष्मा कुठं माझा— हा पत्रा बघा, पट्टीखालचा. हा ओरखडा गंजून काळा झालाय. त्याच्या शेजारी हा, तो लाल. हा त्याहून फिका. एकाला एक लागून, सगळे याच कोपऱ्यात. स्क्रूड्रायव्हर नव्हे हो हा, टोक गोल आहे, बोथट. ही सुरी आहे. लोणी लावायची सुरी. पट्टीखाली घालून कोपरा उचकटलाय कुणीतरी. दर वर्षी एकदा.

कुणीतरी काय म्हणतोय मी.

अहो, ती— मी इकडं अंगठे दाबत बसलो आणि ती तिकडं घराच्या अंगणात, सफरचंदं उतरली की सुरी घेऊन— हसू नका. नाही हसत? मी हसतोय का? कळत नाही मला. एवढी शहाणी बाई. नुसती आली असती तरी मी काय नाही म्हणणार होतो? व्हर्ना, अगं नुसती आली असतीस—

थांबा. हा शेवटचा बघा. हा चकचकीत आहे. गंज नाही, धूळ नाही. हा यंदाचा. म्हणजे यंदाही सुरी घातली होती तिनं. कोपरा उचकटून ठेवला होता. यायचं ठरलंच होतं की! केकसुद्धा केला असेल. मग का आली नाही?

नाही! तुम्हाला नाही विचारलं. मी माझ्याशी बोलतोय. तुम्ही गप्प राहा, रसेल, पाया पडतो तुमच्या, गप्प राहा. चष्म्यावर धूसर आलंय बघा. गारठ्यानं. स्टोव्ह पेटवायला हवा होता.

हे बघा. बाकीची पॅनेलं मी करीन. दारांची, उजवीकडची, छताची म्हणाल तर तीही. पण हा कोपरा नाही. हा मी बसवणार नाही. ज्या बाईनं उचकटला तिनं गाडी घेऊन यावं, त्या स्टुलावर बसावं, मला चार शब्द सुनवावेत, मग बसवीन. तोपर्यंत खडखडू दे. गाडी घेऊन जा परत. पट्टी मी लावून देतो, ही बघा, लागली. झाकलं सगळं. सावकाश चालवा. आणि कप राहू दे, तो धुऊ नका, राहू दे तिथंच.

आणि टोपी घाला हो. आल्यापासून, चर्चमध्ये उभं राहतात तशी, छातीशी धरून उभे आहात. मी काय आंधळा आहे? घाला डोक्यावर. घाला म्हणतो ना.

आता जा.