दुसरी किल्ली

गाडीची दुसरी किल्ली कुठाय विचारलंस ना? मी ठेवत नाही. नगरच्या वर्कशॉपात आम्ही रडारचे पॉवर सप्लाय दुरुस्त करायचो. सप्लायच्या हजारो व्होल्टच्या लोखंडी कपाटात हात घालणाऱ्यानं मेन स्विच बंद करून त्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, असा नियम होता. कोल्हारचा दत्तू म्हणायचा, "किल्ली माज्याकडं हाय तवर मला कोन मारतंय?" पण संध्याकाळी ती तशीच घरी न्यायचा आणि सकाळी त्याची एसटी चुकली की सगळं काम अडायचं. वैतागून मी दुसरी करून आणली. त्याला सांगायचं राहिलं.

सोमवारी तो दिसला नाही. म्हटलं, चुकली एसटी. मी माझी किल्ली फिरवली. दत्तू कपाटामागं बसून, आत हात घालून सर्किट तपासत होता.

पंचनाम्यात त्याच्या खिशातून किल्ली निघाली.