कथलाची कुरकुर

आजोबा : ...तो पेला ठेव बाजूला, त्यात शिसं असणार. ती वाकडी ताटली दे बरं.

भंगारवाला : आजोबा, सकाळपासून अख्खा ढीग उपसलात. एका चमच्याला जाड मूठ तर ओतायची आहे. घ्या की शिसं, पोत्याने पडलंय. वजनदार पण आहे.

आजोबा : वजन हवंच आहे रे. मूठ जड असली की हिचा हात कमी थरथरेल. पण शिसं विषारी. ते रोज हिच्या हातात देऊ? कथीलच पाहिजे.

आजी : माझ्या हाताची दवंडी पिटून झाली का?

आजोबा : काल सगळं मांडीवर सांडलं, तेव्हा रडत कोण होतं?

आजी : सांडलं म्हणून नाही रडले. तुम्ही भरवायला लागलात, म्हणून रडले.

भंगारवाला : पण दोन्ही करडंच की. ओळखता कसं?

आजोबा : कानाने. कथील वाकवलं की कुरकुरतं, शिसं मुकाट वाकतं. हे बघ. कुरकुरलं ना? बांध ही ताटली.

आजी : बांधू नका हो भाऊ. ती कुरकुरली नाही.

आजोबा : मला ऐकू आलं.

आजी : दाराची घंटा येत नाही तुम्हाला ऐकू, आणि हे आलं? वर्ष होत आलं, अहो.

आजोबा : मग बोलली का नाहीस?

आजी : तुमचं तोंड एवढंसं झालं असतं. मोठ्याने बोलायला लागले, तर तुम्हाला वाटतं मी चिडलेय.

आजोबा : मला वाटलं, दुखण्याने तापट झालीस. ...आता गं? मला ओळखता येत नसेल, तर मूठ राहिलीच म्हणायची.

आजी : राहतेय कशाने? माझ्या बोटांत जोर नाही, कान मात्र धड आहेत. वाकवा तुम्ही, इथे धरून.

भंगारवाला : ही पट्टी बघा बरं.

(आजोबा पट्टी आजीच्या कानाशी धरून हळूहळू वाकवतात.)

आजी : हो. कुरकुरतेय.

आजोबा : माझं मन राखायला म्हणू नकोस.

आजी : नाही हो, खरंच. ही घ्या.

आजोबा : कसा असतो गं तो आवाज? मला आता नीट आठवतही नाही.

आजी : बारीक. पहाटे माझी झोप मोडू नये म्हणून तुम्ही हळूच उठता ना, तेव्हा आपली खाट वाजते, तसा.

आजोबा : खाट वाजते?

आजी : रोज. वाजू दे. तुम्ही उठलात, हे कळतं मला.