रेडिओवाल्या बाईंचे बोंबील

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात चिंचणीच्या पोस्टात रांगेत उभा होतो. पुढे दोन कोळणी.

"शकू, पुडक्यात काय गं?"

"सुके बोंबील. मुंबईला, रेडिओवाल्या बाईंना."

"वास येल. मास्तर घेणार नाय."

"तीन फडक्यांत बांधलेत, मंजुळा. काल दुपारी त्या बाईंनी सगळी पंचावन्न सालची गाणी लावली. माजी सासू त्याच साली लगीन होऊन या गावात आली."

"सासरा गेल्यापासून ती तोंड उघडत नाय ना?"

"सहा महिने झाले. मी दोरीवर बोंबील वाळत घालत होते, रेडिओ बाजूला. तिसऱ्या गाण्याला म्हातारी उठली. पाटीतले दोन बोंबील घेतले, जबड्यात जबडा अडकवला, जोडी दोरीवर टाकली."

"अगं बाई! मग बोलली?"

"बोलली तर! माज्या जोड्या बघून म्हनते, 'पाच वरसं झाली या घरात, आजून तुला बोंबलाची जोडी लावता येत नाय.'"

"आनि तू?"

"मी तिच्या गळ्यातच पडले. म्हटलं, आये, आनखी बोल मला."