मागच्या रांगेत बसून बघते

माझी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. शोरूममध्ये शेजारीच एक नवरा-बायको तीन रांगांची गाडी बघत होते, सेल्समन ती दाखवत होता.

"ताई, सात जण आरामात मावतात."

"थांबा, मी मागच्या रांगेत बसून बघते."

"अगं, तू कशाला? मागे तुझे भाचे बसतील."

"म्हणूनच बसतेय. बघा, गुडघे हनुवटीला लागले."

"ताई, मागची रांग कधीमधी वापरायची असते."

"आमच्याकडे रोज लागेल. बहीण गेली, तेव्हापासून तिची दोन मुलं आमच्याकडेच आहेत. आमची तीन आहेतच. मघाशी दाखवलेल्या पहिल्या गाडीत मागे पाय तरी सोडता येत होते."

"पण हिचं छत उघडतं गं!"

"आभाळ बघायला घराला गच्ची आहे. तुम्ही या मागे."

"मी?"

"या म्हणते ना."

"आलो, आलो. अगं, सरक जरा! पाय कुठे ठेवू मी?"

"तुम्ही निदान विचारलंत. ती दोघं विचारणार नाहीत हो. पाय दुमडून गप्प बसतील."

"थांब, ही पुढची सीट दुमडतो."

"उतरताय का?"

"उतरतो. अहो साहेब, ती पहिली गाडी पुन्हा दाखवता? आधी मागचं दार उघडा."