लाहूचा उरलेला शब्द

कासा गावच्या दवाखान्यात हिराबाई रांगेत बसली होती, कान पुढच्या बाकावर. तिथे लकवा झालेला लाहू आणि त्याची बायको सोमी.

“रांडे,” लाहू म्हणाला.

“आजी, आवरा त्यांना,” सोमीच्या शेजारी बसलेली मास्तरीण म्हणाली.

“लकव्यात सगळी बोली गेली, बाई. एवढा एकच शब्द राहिलाय,” सोमी म्हणाली.

“नेमका हाच?”

“लग्नापासून मला हीच हाक मारतो.”

“देवाचं नाव शिकवा.”

“शिकवलं. आठ दिवस तोंड मिटून बसला. आताही तुम्ही टोकलंत तसं मिटलंय.”

“मग?”

“मी त्याची आईबहीण काढली की उघडतो. आत डॉक्टरला त्याचं बोलणं ऐकवायचंय. तुम्ही कान झाका.”

मास्तरणीने कानांवर ओढणी घेतली. हिराबाईने डोक्यावरचा पदर कानामागे सारला.