सातवी घागर

ऐका मंडळी. भजन संपले, टाळ खाली ठेवा. पण इतक्यात कोणी उठू नका. आज अमावास्या आहे, आणि कातळगडाची वाट आपल्या पाराच्या मागूनच जाते.

गड कुणी बांधला, ते आता कुणालाच ठाऊक नाही. ठाऊक आहे ती एकच गोष्ट. गडाला वेढा पडला होता, वरची टाकी आटली होती. सात बाया रात्री खालच्या झऱ्यावरून घागरी भरून परतल्या, तो पाठीशी शत्रू! किल्लेदार ओरडला, "दार लावा! आता कुणी आत यायचं नाही!" दार लागले. सातही जणी भरल्या घागरींनिशी बाहेर कापल्या गेल्या. हरि, हरि!

माझे धाकटे चुलते, गणोजी गुरव, गडावरच्या देवीचा नंदादीप सांभाळत. एकदा अशाच अमावास्येला तेल मिळता मिळता अंधार पडला. माझी आई म्हणाली, "भावजी, आज नको."

"वहिनी, ज्योत विझली तर मी कसला गुरव?" म्हणाले, आणि निघालेच.

देऊळ गडाच्या दारालगतच. काकांनी दिव्यात तेल घातले, तोच दारावर थाप पडली. आता त्या दाराला फळ्या आहेत का? नाहीत! नुसती कमान उरली आहे. तरी थाप पडली. "दादा, पाणी आणलंय. येऊ का?"

देवीच्या दारी आलेल्याला गुरव काय म्हणतो? जन्माची सवय ती. काका म्हणाले, "या!"

आली. ओलीचिंब, मान कललेली. घागर देवीवर रिती केली आणि दिसेनाशी झाली. पुन्हा थाप. "या!" दुसरी आली. पाणी घोट्याला. तिसरी. गुडघ्याला! चौथी. कमरेला! आता काका बोलतही नव्हते, तरी त्या येतच होत्या. पाचवी. सहावी. काकांनी दिवा उचलून डोक्यावर धरला. पाणी हनुवटीला टेकले. आणि पुन्हा थाप! "दादा, येऊ का?"

काका किंचाळले, "दार लावा! आता कुणी आत यायचं नाही!"

गाभारा क्षणात कोरडा. दिवा तेवतच होता. तो जागी ठेवून काका धावत सुटले. कमान ओलांडताना कानाशी कुणी हलकेच म्हणाले, "दादा, घागर भरलेलीच आहे हो."

काका वाचले. पुढे वीस वर्षे नामस्मरणात काढली. पण कुणी पाण्याचा तांब्या पुढे केला की ते आधी दाराकडे बघत.

सहा घागरी देवीला पोचल्या, बाबांनो. सातवी अजून कमरेवर भार घेऊन उभी आहे. अंधार पडल्यावर त्या वाटेला जाऊ नका. ती विचारील, "येऊ का?" 'या' म्हणण्याइतका आपला धीर नाही, आणि 'नको' म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.