पेडल अडकलंच होतं

नाही नाही मिस्त्री, ‘काहीच सापडलं नाही’ हे उत्तर मला नकोय. बॉनेट उघडलंत, आत डोकं घातलंत, दोनदा ‘हं’ म्हणालात – आणि म्हणे काही नाही! अहो, उड्डाणपुलाच्या उतारावर पिसाळल्यासारखी सुटली होती ही गाडी, आत आम्ही दोघं होतो, आणि तुम्ही म्हणताय पेडल लोण्यासारखं चालतंय. चालणारच! तुमच्यासमोर सगळ्या गाड्या गुणी बाळासारख्याच वागतात. पायाखालची चटई बघितलीत? हुकात नीट बसलीय? मग जरा सोडवा ना हुकातून, म्हणजे सरकेल. – असं काय बघताय? बसा. तुम्ही त्या टायरवर बसा, मी या स्टुलावर बसते. आमचे हे बाहेर पायरीवर फोनवर आहेत, बहिणीला सांगतायत, म्हणजे आपल्याला वेळच वेळ आहे.

ऐकू येतंय? ‘मी डोकं शांत ठेवलं’ – हे चाललंय. वा! तुम्हाला ठाऊक नसेल, हे लायसन्सच्या परीक्षा घ्यायचे. जन्मभर तेच. समोरचा बिचारा घामाघूम होऊन गाडी फिरवून आणायचा, आणि हे उतरता उतरता विचारायचे – अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर काय कराल? ‘साहेब, ब्रेक मारेन, मारतच राहीन.’ नापास! ब्रेक एकदाच दाबायचा, जोर लावून, आणि दाबूनच ठेवायचा. सोडून सोडून माराल तर दगडासारखा घट्ट होतो. ‘साहेब, चावी काढून घेईन.’ नापास! चालत्या गाडीची चावी काढली तर स्टिअरिंग जाम. आधी न्यूट्रल – इंजिन किंचाळेल, किंचाळू दे, चाकांशी त्याचा संबंध तुटला – मग ब्रेक, मग कडेला, आणि थांबल्यावर बंद. मला झोपेतून उठवून विचारा. पाहुणा आला की पाण्याच्या पेल्याबरोबर हा प्रश्न पुढे यायचा आमच्याकडे. मी? मलाही नापास केलं की! सख्ख्या बायकोला. उत्तर बरोबर होतं हो, पण म्हणाले, ‘आवाजात खात्री नाही.’ पुढे दुसऱ्या साहेबांनी पास केलं, तर त्या साहेबांशी वर्षभर अबोला. लायसन्स आलं ते कपाटात गेलं. गाडी चालवणार कोण? परीक्षक! मी शेजारी बसायचं आणि ‘पुढे ट्रक आहे’ एवढंसुद्धा म्हणायचं नाही – त्यांना दिसतो.

तर परवा पूल चढलो, उतरायला लागलो. खाली सिग्नल लाल, गाड्या थांबलेल्या, आणि मधून एक माणूस हातगाडी ढकलत रस्ता ओलांडतोय – वर गाठोड्यांचा हा एवढा ढीग, त्याला आम्ही दिसणारसुद्धा नाही. मी वाट बघतेय, आता वेग कमी करतील, आता करतील – कुठलं काय, गाडीचा वेग वाढतोच आहे. मी ‘अहो’ म्हटलं. शिस्त मोडून म्हटलं. आणि परीक्षकसाहेब काय म्हणाले ठाऊक आहे? ‘अगं, काय करू?’ – हो, हेच! उत्तर स्वतःला येत नाही असा त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी काय, तो दांडा धरला आणि ढकलला न्यूट्रलला. ऑटोमॅटिक आहे म्हणून बरं. इंजिन असं किंचाळलं की वाटलं आता बॉनेट फोडून बाहेर येतंय. ‘ब्रेक दाबा’ म्हणून मी ओरडले, तर ब्रेक काही लागेना. मग हातानं ओढायचा ब्रेक ओढला, हळूहळू – एकदम ओढला तर गाडी गर्रकन फिरते, हेही त्यांचंच भाषण. स्टिअरिंग मात्र सोडलं नाही हो त्यांनी, खोटं कशाला बोलू? बरोबर कडेला घेतली. कठड्याला घासत घासत थांबली गाडी. आणि तो हातगाडीवाला! मानसुद्धा न वळवता गेला निघून. त्याला पत्ताच नाही.

मग? मग गाडी थांबली, पण इंजिन तसंच बोंबलतंय. यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मी खाली वाकून बघितलं – बूट पेडलवर. पेडल पार तळाला. म्हटलं, ‘पाय काढा.’ म्हणाले, ‘काढलाय.’ म्हटलं, ‘अहो, पाय काढा.’ – ‘काढलाय म्हणतोय ना!’ मिस्त्री, मग मी तो पाय दोन्ही हातांनी धरून उचलला. जड होता. झोपलेल्या मुलाचा असतो ना, तसा. आणि पाय उचलला तसं पेडल आपलं आपण वर आलं.

…पाणी नको. काही झालं नाही मला. ते – म्हणजे मला असं म्हणायचंय की पेडल अडकलंच होतं. थोडंसं. मी सांगते ते ऐका, आधीचं सोडून द्या. हल्ली घरात उजव्या पायातली चप्पल दारातच राहते आणि हे एकाच चपलेवर आत येतात, हेही सोडून द्या. मी मागून नेऊन ठेवते, त्यांना कळतसुद्धा नाही. डॉक्टर? नेणार आहे ना! ‘माझा गुडघा दुखतोय, सोबत चला’ असं सांगून नेणार आहे. सरळ सांगून नेलं तर डॉक्टरला नापास करून येतील.

तुम्ही एवढंच करायचं. ते आत आले की म्हणायचं, साहेब, दोष गाडीतच होता, आता ही भरवशाची राहिली नाही, तुम्ही नका चालवू. गाडीला काय वाईट वाटायचंय? द्या तिला दोष! पण त्यांना तोंडावर सांगायचं की – नाही. ते मला जमणार नाही, आणि तुम्हालाही मी सांगू देणार नाही. मान का हलवताय? खोटं बोलवत नाही? गाडी संध्याकाळी मिळेल म्हणून सांगता तेव्हा बरं बोलवतं!

आणि हे काय – ही ड्रायव्हरची सीट कुणी एवढी पुढे ओढली? यांचे पाय मावतील का इथे? गुडघे हनुवटीला लागतील. आरसासुद्धा खाली केलाय! काय हो हा चावटपणा, दुसऱ्याच्या गाडीत – कुणी सांगितलं? …यांनी? कधी? काल? एकटेच आले होते? मला तर केस कापायला जातो म्हणाले. तरीच केस तसेच होते. काय म्हणाले? नीट सांगा, जसंच्या तसं. … ‘गाडीत दोष शोधू नका, माझाच पाय गेला.’ … ‘तिला सांगू नका.’ … बरं. आणि सीट? …

‘तिची उंची कमी आहे.’

…

उठा, उठा मिस्त्री, फोन ठेवला त्यांनी. हातात काहीतरी घ्या – पाना घ्या तो, आणि तोंड बंद. – या हो. काय म्हणाल्या वन्सं? मिस्त्री म्हणतायत, पेडलच अडकलं होतं. हो, म्हणतायत ना ते! चावी द्या इकडे. … अहं, या बाजूनं नाही, तिकडून बसा. सावकाश, घाई नाही कसली. – आणि मिस्त्री, तुम्ही काय उभे राहिलात नुसते? जा, फाटक उघडा. दोन्ही बाजू उघडा.